पोटाचं कारण

यशवंतराव : हे काही कारण झालं नाही, पुष्पाबाई. 'प्रकृतीमुळे राजीनामा देत आहे.' काय झालं प्रकृतीले? ब्लॉक ऑफिसवाले मलेच विचारतीन, हेडमास्तर, तुम्ही काय केलं त्या बाईले?

पुष्पा : तुम्ही काहीच केलं नाही, सर. तसं सांगा.

यशवंतराव : तेच तर कोणी मानत नाही. पक्की झालेली सरकारी नोकरी कोणी अशी टाकून देते काय? तुमचे सुखदेवराव नगरपालिकेत अजून रोजंदारीवर. घरी सासू, पोरगा लहान. पांढुर्ण्याचं तुमचं घर कोणाच्या पगारावर चालून राहिलं, हे मले माहीत नाही काय?

पुष्पा : माझ्याच पगारावर चालतं.

यशवंतराव : अन् तरी?

पुष्पा : तरी.

यशवंतराव : सुखदेवरावाले सांगतलं?

पुष्पा : संध्याकाळी सांगीन. आधी कागद तुमच्या हातात पडू दे म्हटलं. नाहीतर संध्याकाळपर्यंत माझा धीर राहिला नसता.

यशवंतराव : बसा तरी. राजीनामा कोणी उभ्यानं देते काय?

पुष्पा : उभीच बरी आहे.

यशवंतराव : पाहा. हेच. खुर्ची देली तर बसणार नाही, चहा मागवला तर घेणार नाही. माणसानं समजावं काय? थांबा जरा. पोट पाहा कसं वर आलं. तो सोड्याचा डबा सरकवा इकडे.

पुष्पा : सकाळपासून कितव्यांदा घेता, सर?

यशवंतराव : गॅसचा त्रास मोजून होते काय, बाई? सकाळी उठलो का छातीत आग. जेवलो का पोट ढोलासारखं. रात्री झोपलो का आंबट पाणी गळ्यापर्यंत. सोडा घेतला का एक मोठा ढेकर येते अन् माणूस हलका होते. हां... आला. पाहा. निघाला गॅस.

पुष्पा : तो तुमच्या पोटातला गॅस नाही, सर. सोड्याचा आहे.

यशवंतराव : म्हणजे?

पुष्पा : पोटात आम्ल असतं. त्यात सोडा पडला की कार्बन डाय ऑक्साइड तयार होतो. लिंबाच्या रसात सोडा टाकायचा प्रयोग मी सातवीला करून दाखवते. तोच तुम्ही रोज पोटात करून राहिले. आधी नव्हता तो वायू तयार होतो, ढेकर होऊन निघून जातो, आणि तुम्हाला वाटतं, दुखणं निघालं.

यशवंतराव : आराम तर पडते ना पण.

पुष्पा : घडीभर पडतो. मग पोट पुन्हा आम्ल करतं. आणि सोडा म्हणजे एका परीनं मीठच आहे. तुम्हाला बीपी सांगितलं आहे डॉक्टरांनी.

यशवंतराव : मंग करू काय? मरू?

पुष्पा : तो तंबाखूचा खर्रा बंद करा. उपाशीपोटी चहा घेऊ नका. रात्री जेवल्याबरोबर आडवे होता ते होऊ नका, तास-दोन तास जाऊ द्या. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. पोट म्हणजे मडकं समजा, आडवं केलं की सांडतं. महिनाभर हे करून पाहा. तरी थांबलं नाही, किंवा वजन उतरलं, संडासला डांबरासारखं काळं झालं, तर मग घरी बसू नका, नागपूरला जाऊन दाखवा.

यशवंतराव : खर्रा बंद करा म्हणता. त्यापेक्षा श्वास बंद करा म्हणा. पण तुम्हाले एवढं समजते पोटाचं, अन् स्वतःच्या प्रकृतीवर नोकरी घालवून राहिल्या?

पुष्पा : समजतं म्हणूनच.

जयवंता : गुरुजी, पोट्ट्यांले दलिया वाटून झाला. पातेलं खरवडून ठेवलं. बाई, तुमच्यासाठी वाटीभर काढून ठेवला मी, गरम हाय.

पुष्पा : नको, जयवंताबाई.

जयवंता : तुमचं रोजचंच नको. डब्बा बी अर्धा घरी वापस नेता. चिमणी बी तुमच्याहून जास्ती खाते, बाप्पा.

यशवंतराव : जयवंता, पोट्ट्यांवर लक्ष दे जाऊन.

जयवंता : पोट्टे खेळून राहिले. मी बसतो जरा इथं उंबऱ्यावर. चुलीपुढं बसून कंबर गेली माही.

यशवंतराव : बस मंग. तूही ऐक. बाई नोकरी सोडून जाऊन राहिल्या.

जयवंता : काहून मा?

यशवंतराव : कारण सांगत नाहीत. तर मीच सांगतो. पुष्पाबाई, तुम्ही इथं आल्या त्या पहिल्या हप्त्यात तुम्ही पाणी मागतलं, अन् त्या म्हाताऱ्या चपराश्यानं लोटा लांब धरून वरून तुमच्या ओंजळीत टाकलं. खरं का नाही?

पुष्पा : खरं.

यशवंतराव : मी त्याले त्याच दिवशी झापलं. तो आता गेला बिचारा, पण झापलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा माठ आणला. त्याच्यावर एकच गिलास ठेवला. सगळ्या मास्तरांसमोर, पोरांसमोर सांगतलं, हा माठ सगळ्यांचा आहे, ज्याले चालत नसन त्यानं घरून आणावं. सांगतलं का नाही?

पुष्पा : सांगितलं.

यशवंतराव : अन् त्या दिवसापासून आजपर्यंत तुम्ही त्या माठातलं घोटभर पाणी प्यायल्या नाही. उन्हाळ्याची लू चालून राहिली, तुमचे ओठ फाटून राहिले, आवाज निघून नाही राहिला, पण नाही. मी रोज पाहतो. बाकीचे मास्तर पाहतात. गावातही बोलतात, बाईनं मनात धरलं म्हणून. माणसानं किती दिवस माफी मागाव? मले वाटे, आज ना उद्या पितीन. आता हा कागद. त्याच्यापेक्षा स्पष्ट लिहा ना! लिहा, शाळेत जातीमुळे अपमान झाला. मी खाली सही करतो. पण हे न बोलता रोज रोज शिक्षा देणं... मी थकलो, पुष्पाबाई.

पुष्पा : मला माहीत होतं, सर.

यशवंतराव : काय माहीत होतं?

पुष्पा : की तुम्हाला असं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. मी तसं वाटू दिलं.

यशवंतराव : म्हणजे ते खरं नाही?

पुष्पा : ते वरून टाकलेलं पाणी मी विसरले, असं म्हणणार नाही. आठवतं. पण त्यासाठी मी इतके दिवस तहानेली राहिले नाही. आमच्या लोकांनी पाण्यासाठी तळ्यावर जाऊन मार खाल्ला आहे, सर. मी समोर माठ असून पाणी नाकारीन काय?

यशवंतराव : मंग प्यायल्या काहून नाही?

पुष्पा : ते कारण सांगायला लाज वाटत होती. तुम्ही धरून बसलात ते कारण निदान मान वर ठेवून मिरवता येत होतं.

जयवंता : सांगा ना बाई. कोनी खात नाई तुमाले.

पुष्पा : पाणी प्यायलं, तर जावं लागतं.

यशवंतराव : कुठं?

जयवंता : अवो गुरुजी!

यशवंतराव : काय झालं?

जयवंता : बाहेर! बाहेर जा लागते! काय बाप्पा, मास्तर हाय का काय हाय.

यशवंतराव : हां. ... हां, हां.

पुष्पा : आता तोंडातून निघालंच आहे, तर सगळं बोलते. मध्ये काही विचारू नका, सर, नाहीतर पुन्हा निघायचं नाही. पहाटे अंधार असतो तोवर मी वस्तीमागं जाऊन येते. बायांची घाई असते, कोणाच्या टॉर्चचा उजेड आला की सगळ्या उभ्या राहतात. तिथं शरीराला फुरसत नसते. मग स्वयंपाक, पोराची तयारी, बस, फाट्यावरून पायी. संध्याकाळी घरी पोचल्यावर पुन्हा अंधाराची वाट. मधे सगळा दिवस. म्हणून सकाळच्या चहानंतर पाणी बंद. डबा अर्धा खाते, कारण जेवण पोटात पडलं की मोठं आतडं हलायला लागतं. सगळ्यांचंच हलतं, ते चांगलं लक्षण आहे. मला मधल्या सुटीनंतर कळ येते. आली की मी फळ्याकडे तोंड करून लिहायला लागते. ती जाईपर्यंत लिहीत राहते.

जयवंता : माय वं.

पुष्पा : कळ जाते, मळ जात नाही. मोठ्या आतड्याचं काम आहे पाणी शोषणं. जितका वेळ आत राहील तितकं ते शोषून घेतं. मी वरून पाणी देत नाही, म्हणून आणखी शोषतं. शेवटी खडा होतो. तो निघताना चीर पडते, रक्त येतं. मग पुढच्या खेपेला जायचीच भीती, म्हणून मी अजून थांबवते. हे असं गोल गोल चाललं आहे. लघवीची जळजळ वेगळी. आणि आता तर कळ येणंही कमी झालं. शरीराचं रोज ऐकलं नाही, तर ते सांगणं बंद करतं.

जयवंता : म्हनून बसत नाई तुमी खुर्चीवर.

पुष्पा : म्हणून.

यशवंतराव : मूळव्याध आहे काय?

पुष्पा : नाही. मला आधी तेच वाटलं. त्याच्याही पुढचं वाटलं. आई गेली तेव्हा तिलाही रक्त पडायचं, म्हणून मी कोणाला न सांगता कितीतरी दिवस भीत राहिले. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मूळव्याध नाही, गाठ नाही, चीर आहे. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बसा, इसबगोल घ्या, पालेभाजी, ज्वारीची भाकर, संत्रं फोडींच्या पातळ सालीसकट खा. पाणी भरपूर. आणि कळ आली की अडवू नका, उठून जा. एवढं केलं तर भरून येईल. नाही केलं तर ऑपरेशन.

यशवंतराव : मंग सोपंच आहे की.

पुष्पा : मीही त्यांना तेच म्हटलं. बाई, सगळं करीन, फक्त शेवटचं कसं करू? त्यांनी विचारलं, काय करता? म्हटलं, शिक्षिका आहे, विज्ञान शिकवते. त्या म्हणाल्या, मग तर तुम्हाला समजायला पाहिजे.

यशवंतराव : पण आजूबाजूले एवढं रान आहे, पुष्पाबाई. आम्ही सगळे मास्तर नाल्याकडे जातो...

पुष्पा : मी पण गेले होते. पहिल्या पावसाळ्यात, एकदाच. बापूजींच्या संत्र्याच्या बगीच्याच्या कडेला. राखणदार ओरडला, कोण आहे, संत्री चोरून राहिली काय? मी उभी राहिले. म्हटलं, शाळेतली बाई आहे. तो हसला. मागं वळून पाहिलं, तर चौथीतली पोरं तारेपाशी उभी. त्यांना वाटलं, बाई काही दाखवायला घेऊन आल्या. त्यांतलं एक माझ्या मागं मागं शाळेपर्यंत आलं, बाई तिथं काय होतं, बाई तिथं काय होतं, विचारत.

जयवंता : मुडदा बसवला त्या राखनदाराचा. मले सांगा लागत होतं.

पुष्पा : काय सांगणार होते?

यशवंतराव : मले तरी सांगायचं.

पुष्पा : तुम्हाला? तुम्ही सकाळी प्रार्थनेच्या आधी सगळ्या मास्तरांना सांगता, आज पोट साफ झालं, आज नाही झालं. कोणी हसत नाही. तुमच्या सावरगावात गोटमारीत दगडानं डोकं फुटलं, की माणूस पट्टी बांधून आठ दिवस बाजारात मिरवतो. पुरुषाच्या दुखण्याला चालतं ते. मी ऑफिसात येऊन हे बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी मला शिकवणारी बाई म्हणून कोणी पाहिलं असतं काय? तुम्ही पोरांना नेहमी म्हणता ना, वेग अडवू नये.

यशवंतराव : शास्त्रात लिहिलं आहे तसं.

पुष्पा : ऐकते मी. मागच्या रांगेत उभी राहून.

जयवंता : अन् मी येडी. मले वाटे, शिकल्यासवरल्या बायांले लागतच नसन दिवसाचं.

पुष्पा : तुम्ही कुठं जाता, जयवंताबाई?

जयवंता : माह्यं घर हाय ना जवळ. मांग कपाशीची पऱ्हाटी हाय. पऱ्हाटी वाढली का आडोसा होते. ते निंगाली का मंग आमाले बी अंधारच.

यशवंतराव : पण यात मी काय करू शकतो, पुष्पाबाई? शाळेत जागाच नाही, त्याले कोण काय करन?

पुष्पा : जागा आहे, सर.

यशवंतराव : कुठं?

पुष्पा : मागं. हातपंपाजवळची ती खोली.

यशवंतराव : ते तर बापूजीचं गोडाऊन आहे.

पुष्पा : ते मुलींचं संडास आहे.

यशवंतराव : मुलींचं?

पुष्पा : मी यायच्या आदल्या वर्षी बांधलं. दारावर 'बालिका शौचालय' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. मग कोणी चुना मारला.

यशवंतराव : हो... अरे, हो. मीच नारळ फोडला होता त्याच्यासमोर.

जयवंता : हाव, अन् शिरा मी केला होता. लय गोड झाला होता, तुमी बोलले बी होते मले.

यशवंतराव : बापूजी म्हणाला, गुरुजी, संत्र्याचा आंबिया बहार निघेपर्यंत खोके ठेवू द्या. मंग म्हणाला, मृग बहार निघेपर्यंत. मंग पुन्हा आंबिया आला. लोक गोडाऊन म्हणू लागले, तर मीही म्हणू लागलो. खरंच सांगतो, मी विसरूनच गेलो होतो ते काय आहे म्हणून.

पुष्पा : तुम्हाला विसरता आलं. मी रोज त्याच्यासमोरून जाते.

यशवंतराव : मंग सांगतलं काहून नाही? नुसतं म्हणायचं, सर, खोके काढा.

पुष्पा : कितीदा ठरवलं. पण 'खोके काढा' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, काहून? राजीनामा लिहिणं त्याहून सोपं गेलं.

यशवंतराव : पाहा, बापूजीचं असं आहे... शाळेची जमीन त्यानंच देली. गेल्या पावसाळ्यात छपराचे कवेलू फुटले, तेही त्यानंच टाकून देले. ब्लॉकची वाट पाहिली असती तर पोरं ओली झाली असती. माझे रिटायर व्हायचे दिवस आले. अन् कुलूप त्याचं आहे. असं करू, दिवाळीनंतर मी हळूच विषय काढतो. तोपर्यंत खोके तसेही बगीच्यात जातीन.

पुष्पा : आणि मृगाचे येतील. म्हणून म्हणते, तो कागद पाठवा.

यशवंतराव : पुन्हा तेच!

पुष्पा : मी भांडून राहिले नाही, सर. भांडायला अंगात काही उरलं नाही. दिवाळीपर्यंत थांबवणं आता माझ्या हातात नाही. ऑपरेशन झालं तरी परत इथंच यायचं, पुन्हा तेच सुरू व्हायचं. एवढं मला समजतं. एक गोष्ट फक्त जाता जाता सांगते. आठवीच्या मुली मधल्या सुटीनंतर वर्गात नसतात.

यशवंतराव : ते निंदणामुळे. मायबाप वावरात नेतात. मी दोघातिघांच्या बापाले बोलावून दम देला आहे.

पुष्पा : उन्हाळ्यात कोणतं निंदण असतं?

यशवंतराव : मंग कुठं जातात?

पुष्पा : घरी. सुटी झाली की धावत घरी जातात. एकदा मुलगी घरात दिसली, की भांडी आहेत, धाकटा भाऊ आहे, पाणी आणायचं आहे. कोण तिला वापस पाठवतं? काही दिवसांनी ती सकाळीही येत नाही. तुम्ही नाव कापता. मी पाहते आणि काही बोलत नाही. मला त्याचाही ताण येतो.

जयवंता : माही नात तशीच बसली घरी. वंदना.

यशवंतराव : वंदना? तिचा बाप तर म्हणाला, पोरीचं डोकं नाही अभ्यासात.

जयवंता : बापाले काय मालूम? मले सांगतलं तिनं. आजी, पोट दुखते दिवसभर, शाळेत जागा नाई. म्या म्हनलं, मंग नको जाऊ. आपल्यात कोन शिकते येवढं. हे बाईसारखंच मी पोरीले करून ठेवलं, घरी बसवून.

यशवंतराव : मी तिचं नाव कापलं जुलैत.

जयवंता : कापलं ना.

यशवंतराव : ... जयवंता, त्या कुलपाची चाबी कोणाजवळ राहते?

जयवंता : बापूजीच्या मुनीमाजवळ. पन चाबी कायले पाह्यजे? दाराचा कोंडा खिळखिळा हाय. पोट्टे रोज उपसते, आतलं गवत नेते अन् पुन्हा बसवून ठेवते. वढला का निंगते.

यशवंतराव : अन् हे तू मले आता सांगून राहिली?

जयवंता : तुमी कवा इचारलं?

यशवंतराव : चला. दोघी चला माझ्यासोबत.

पुष्पा : आत्ता? सर, बापूजींना विचारल्याशिवाय...

यशवंतराव : विचारलं तर तो हसून नाही म्हणन, अन् मीही हसून वापस येईन. मले मी माहीत आहे. चला.

(तिघं शाळेमागच्या खोलीशी. कोंडा ओढून काढलेला, दार उघडं.)

यशवंतराव : बाप रे. छतापर्यंत भरलं आहे.

जयवंता : सरका तुमी, बाई. तुमी एक बी खोका उचलाचा नाई. जोर लावाचा नाई.

पुष्पा : रिकामे आहेत. हलके आहेत.

यशवंतराव : ती बरोबर म्हणते. तुम्ही फक्त दार धरा. मी देतो, जयवंता ठेवते. व्हरांड्यात लावू, पण पावसापासून आत. एक जरी खोका ओला झाला, तर बापूजी तेवढंच धरून बसन.

जयवंता : इंचू! गुरुजी, इंचू हाय, पाय काढा!

यशवंतराव : विंचू? कुठं?

जयवंता : हा पाहा. थांबा... मेला. जोडीले दुसरा राहते बरं यांच्या. दनादन हात घालू नका.

पुष्पा : सर, असे वाकू नका. आत्ताच सोडा घेतला आहे तुम्ही.

यशवंतराव : घेतला तर घेतला. हा घे, जयवंता. ... अजून एक. हे गवत झाडून काढा लागन. भांडं दिसून राहिलं आता.

जयवंता : अगं माय! नवंकोरं हाय. कोनी बसलंच नाई कदी.

पुष्पा : आधी पाणी टाकून पाहा. उंदरांनी नळी बुजवली असेल.

जयवंता : आनतो बादली. ... टाकू? ... थांबलं वाटते. ... गेलं! घळकन् गेलं, गुरुजी!

यशवंतराव : मले कशाले दाखवते? बाईंले दाखव.

पुष्पा : आतून कडी नाही.

यशवंतराव : कडी मी शनिवारच्या बाजारातून आणतो. आजच्यापुरती दोरी...

जयवंता : दोरी कायले? मी उभी राहतो दाराशी. माह्या अंगावरून कोन जाते पाहतो. जा बाई तुमी. बादली आत घ्या. जा ना! सगळं बोलल्या, आता लाजता काय?

पुष्पा : सर, तो कागद...

यशवंतराव : फाडून टाकतो.

पुष्पा : नको. ठेवा तुमच्या खिशात. अशी चीर भरायला वेळ लागतो. आणि बापूजी अजून यायचे आहेत.

यशवंतराव : येऊ द्या. सांगीन, शाळेची खोली शाळेले लागते. जास्त बोलला, तर सांगीन, कवेलूही घेऊन जा. ... बहुतेक सांगीन. तुम्ही जा.

पुष्पा : जयवंताबाई, तुम्ही इथंच आहात ना?

जयवंता : इथंच हाय. फुरसतीनं या. घाई नाई करायची. ... गेल्या, गुरुजी. दार वढून घेतलं.

यशवंतराव : हळू बोल. चल, मी तिकडे जाऊन बसतो. तू पाठ करून उभी राह्य.

जयवंता : तुमी कायले घामाघूम झाले? बसा त्या खोक्यावर. सोडा आनू?

यशवंतराव : नको. बसतो असाच. ... वंदनाले उद्या घेऊन ये. नाव मी पुन्हा चढवतो.

जयवंता : पाहतो. तिचा बाप काय म्हनते तं.

यशवंतराव : जयवंता.

जयवंता : जी.

यशवंतराव : आमच्या घरची अंधारातच उठते. कोंबड्याच्याही आधी. लग्न झालं तेव्हापासून पाहून राहिलो. थंडी असो, पाऊस असो, ताप असो. मी उठतो, तर तिची आंघोळ झालेली, देवापाशी दिवा लागलेला.

जयवंता : मंग?

यशवंतराव : मी लोकांले सांगतो, आमची लय भाविक आहे. मले वाटे, पूजेसाठी उठते.

जयवंता : पूजा बी करत असन, गुरुजी. आल्यावर.